पोटाखालचं दार

मी एक जुना संच आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, म्हणजे पुढे तुमची फसगत नको. जुन्या वस्तू आपली हकीकत सांगायला बसल्या की दोन सुस्कारे टाकतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मला ते जमणार नाही. जे झालं ते ज्या क्रमानं झालं त्याच क्रमानं सांगतो.

संच म्हणजे विमानाचा. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचा, खोक्यात बंद केलेला, सुट्या तुकड्यांचा. कारखान्यात राखाडी प्लॅस्टिकचे दाणे वितळवून पोलादी साच्यात दाबले, साचा पाण्यानं गार केला आणि उघडला, तेव्हा मी एका जाळीला लटकलेल्या तुकड्यांच्या रूपात बाहेर आलो. धडाचे दोन भाग, डावा आणि उजवा. पंख, शेपूट, दोन इंजिनं, चाकं, काचेचं नाक. आणि वेगळ्या पिशवीत बॉम्ब. कारण मी बॉम्बफेकी विमान होतो. तसं कोणी मला विचारलं नव्हतं, पण साच्यालाही कोणी विचारलं नसेल.

खोकी भरणाऱ्या बाईनं माझं धड हातात घेऊन शेजारणीला दाखवलं. "हे बघ गं, केवढं फुगीर पोट. पोटुशी वाटतंय."

"मग जपून ठेव," शेजारीण म्हणाली आणि दोघी हसल्या.

माझं झालेलं ते पहिलं कौतुक. त्यानंतर झाकण लागलं. झाकणावरच्या चित्रात खाली एक शहर जळत होतं आणि वर मी होतो, चकचकीत, खालच्या धुराशी आपला काही संबंध नसल्यासारखा.

मग दुकानाची फळी. किती वर्षं ते मी मोजलं नाही. उन्हाच्या बाजूनं खोक्याचा रंग उडाला, शहराची आग पिवळट पडली. गिऱ्हाइकं झाकण उघडत, तुकडे तपासत, परत ठेवत. दुकानदार प्रत्येकाला सांगे, "शेवटचा नग आहे बरं का. साचाच मोडीत गेला. पुन्हा निघणार नाही." तरी कोणी घेतलं नाही. शेवटी दुकान बंद व्हायची वेळ आली, निम्म्या फळ्या उतरल्या, आणि एक दिवस सिस्टर आत आली.

तिला सगळे सिस्टरच म्हणत. मुलांच्या वॉर्डातली नर्स. उंच, आवाज खालचा, चाल भरभर. तिनं माझं झाकण उघडलं, इतरांसारखे तुकडे मोजले नाहीत, धडाचे दोन्ही भाग एकमेकांवर धरले, करंगळी आत घातली आणि म्हणाली, "बसेल."

"काय बसेल?" दुकानदारानं विचारलं.

"खाट," ती म्हणाली.

आता ही खाट कुणाची, ते सांगतो.

तिच्या वॉर्डात एक मुलगी होती. तिला सगळे वकीलबाई म्हणत, कारण तोंडात थर्मामीटर घालायचा तरी ती आधी उलटतपासणी घेई. तिचं लिव्हर बिघडलं होतं. ते बदलायचं काम त्या गावात होत नव्हतं. दूरच्या शहरात न्यायचं, आणि रस्त्यानं तेवढा प्रवास तिला झेपणार नाही म्हणून छोट्या विमानातून, झोपवून. दिवस ठरला होता. सोमवार, सकाळी. वकीलबाईनं विमान फक्त आभाळात पाहिलं होतं, तेही नखाएवढं. एवढ्याशा वस्तूत आपण कसे मावणार, हा तिचा पहिला मुद्दा होता.

डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही गं." वकीलबाईचा त्यांच्यावरचा विश्वास तिथेच संपला.

सिस्टर कधी "काही होत नाही" म्हणत नसे. सुई टोचायची असली तर ती सांगे, "मुंगीपेक्षा जास्त, विंचवापेक्षा कमी." मुलं तिचं ऐकत ती त्यामुळेच. तिनं वकीलबाईला कागदावर विमान काढून दाखवलं. इथे तुझी खाट, इथे सलाईन, इथे आई.

वकीलबाईनं चित्र बघितलं आणि परत दिलं. "चित्रात सगळंच बसतं."

म्हणून सिस्टर दुकानात आली होती. हातात धरता येईल, उघडून आत बघता येईल असं विमान तिला हवं होतं. माझ्या धडाची उजवी बाजू कपाटाच्या दारासारखी उघडायची, आत खाट, खाटेशेजारी आईची खुर्ची. तिनं माझ्या पोटात प्लॅस्टिकच्या पत्र्याची फरशी बसवली. तारेच्या दांड्या वाकवून दोन खाटा केल्या, त्यांवर बँडेजच्या कापडाची गादी. टाचणीचा सलाईनचा खांब केला. आईची खुर्ची तर मला फारच आवडली होती, कारण तिला हात होते, टेकायला.

मित्रांनो, बॉम्बफेक्याच्या पोटात ही एवढीशी खोली. मला पहिल्यांदाच वाटलं की साच्यानं माझं पोट उगाच फुगवलं नाही.

अडचण एकच होती, उघडणारी बाजू. सिस्टरचा धाकटा दीर टायरच्या दुकानात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी विमानांचे संच जुळवी. तो म्हणाला, "वहिनी, धड एकट्यानं चिरू नका, वाकेल. मास्तरांकडे बारीक करवत आहे. चष्मेवाल्याकडे चष्म्याच्या बिजागऱ्या आहेत, तांदळाच्या कणीएवढ्या. टेबलावर आणा ना."

"टेबलावर म्हणजे?"

"आमच्या टेबलावर."

त्या टेबलाबद्दल सांगायलाच हवं.

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ते टेबल होतं. चांगला दिवा, मोठी भिंगं, म्हणून तिथे. दर रविवारी तिथे विमानवेडे जमत. पण ही मंडळी विमानं जशी होती तशी करत नसत. जशी असती तर कशी असती, तशी करत. एखाद्या लढाऊ विमानाचे पंख कापून उलटे बसवायचे. चाकांच्या जागी होड्या लावायच्या. दोन नाकं जोडून एक विमान करायचं. आणि ते का केलं असतं याचा एक इतिहास रचायचा, जो कुठेही घडलेला नसतो. आधी कागदावर आखणी, बाजूनं, वरून, समोरून, मग रंगीत पेन्सिली, मग वादावादी. कापाकापी सर्वांत शेवटी.

टेबलाचा नियम होता: आधी पटव, मग काप. आपलं खोकं टेबलावर ठेवायचं आणि बेत सांगायचा. बाकीचे "का?" विचारणार. उत्तर आलं की पुन्हा "का?" सगळ्यांना पटलं की बोटांच्या पेरांनी टेबल वाजवायचं आणि मास्तर करवत पुढे करणार. मास्तर म्हणजे तांत्रिक शाळेत रेखाचित्रं शिकवणारे गृहस्थ. कधी आवाज चढवत नसत. त्यांनी दुसराही एक नियम घातला होता: ज्याचं कारण भारी, त्याचा पहिला काप. मग खोकं कुणाचंही असो. हा मोठा मान समजला जाई. टेबलावर आलेला संच गोंद लागेपर्यंत सगळ्यांचा.

सिस्टर पहिल्यांदा आली त्या रविवारी चष्मेवाल्याचा बेत चालू होता. एका बेटाच्या राजाला धावपट्ट्यांचा तिटकारा आहे, म्हणून त्याच्या लढाऊ विमानांना होड्या.

"तिटकारा का?" मास्तरांनी विचारलं.

"लहानपणी पडला होता धावपट्टीवर. गुडघा फुटला."

"पटलं," मास्तर म्हणाले आणि सगळ्यांनी टेबल वाजवलं.

मग सिस्टरनं मला पुढे ठेवलं. "याचा दवाखाना करायचाय."

मास्तरांनी माझं धड उचलून प्रकाशात धरलं. "हा संच तुम्हाला मिळाला कुठे? हा आता बघायलाही मिळत नाही. आणि याचा दवाखाना? का?"

"माझ्या वॉर्डातली एक मुलगी विमानानं जाणार आहे. घाबरलीय. जायच्या आधी तिला आतून दाखवायचंय."

चष्मेवाला खाकरला. दीर टेबलाच्या कडेला बघू लागला.

"सिस्टर, हे खरं कारण झालं," मास्तर म्हणाले.

"हो. खरंच आहे."

"तेच म्हणतोय. खरं कारण इथं चालत नाही. उद्या कोणी म्हणेल, माझ्या मुलाला लाल रंग आवडतो म्हणून विमान लाल. मग टेबलाला अर्थ काय राहिला? कोणत्या देशाचं हवाई दल, कोणत्या प्रसंगात, एवढं चांगलं बॉम्बफेकी विमान आजाऱ्यांना देईल? ते सांगा."

"मग खोटं सांगू?"

"खोटं नाही. कल्पित. फरक आहे."

"सुई आणि इंजेक्शनमध्ये असतो तेवढा," सिस्टर म्हणाली. दीर हसला, मास्तरही हसले, आणि मी तसाच्या तसा खोक्यात परत गेलो. राजाचा गुडघा पटला होता. मुलीची भीती पटली नाही. माझा राग तिथून सुरू झाला, मित्रांनो, लिहून ठेवा.

पुढच्या रविवारी सिस्टर तयारीनं आली. पाठ केल्यासारखं तिनं सांगितलं: दोन देश आहेत, निळा आणि पिवळा, पेन्सिलींचे रंग तेवढेच होते तिच्याकडे. मध्ये नदीचं खोरं. युद्ध जुंपलं, सगळे पूल पडले, जखमी अडकून पडले. निळ्या देशाकडचे बॉम्ब संपले आहेत, विमानं रिकामी उभी आहेत. म्हणून त्यांत खाटा.

"जखमी किती?" मास्तरांनी विचारलं.

"भरपूर."

"भरपूर म्हणजे? आकडा हवा."

"दहा हजार."

मास्तरांनी मान हलवली. "एवढ्यांना रेल्वे पुरते."

"रूळ उखडलेत."

"तरी. दहा हजारांसाठी कोणी विमानं बदलत बसत नाही."

सिस्टरनं एकदा दिराकडे पाहिलं. "चाळीस हजार," ती म्हणाली.

"आता कसं पटतंय!" मास्तर म्हणाले आणि टेबल वाजलं.

मला उडता येत नाही, नाहीतर त्याच वेळी उठून गेलो असतो. मला दवाखाना व्हायचं होतं, तर त्यासाठी आधी चाळीस हजार माणसं आडवी करावी लागली. आणि सिस्टरही, मी तिच्यावरही रागावलेलो आहे हे लपवत नाही, सिस्टरही रंगली. कोणत्या पुलावर कधी हल्ला झाला ते ती बोटानं टेबलावर दाखवत होती. गाल लाल झाले होते. चष्मेवाला म्हणाला, "तुम्ही आमच्याच निघालात!" ती खूश झाली. रोज आजारी मुलांत असणारं माणूस, एक दुपार कोणी तिला हुशार म्हटलं, तर फुलणारच. मला कळतं ते. राग त्यानं कमी होत नाही.

ठरलं असं. मास्तर उजवी बाजू चिरून देणार, चष्मेवाला तिला बिजागऱ्या लावणार. पुढच्या रविवारी संध्याकाळी सिस्टर मला घेऊन जाणार. तिनं दोनदा बजावलं, "सोमवारी सकाळी मुलगी जाते. रविवारी संध्याकाळी मला हे हवं म्हणजे हवं."

"चिंता नको," चष्मेवाला म्हणाला आणि मला फरशी, खाटा, खुर्ची सगळ्यासकट आपल्या कपाटात ठेवलं.

पण युद्ध कपाटात राहिलं नाही. आठवडाभर मंडळींच्या फोनवर ते पेटत गेलं. पिवळ्या देशाला नौदल मिळालं. निळ्या देशात सरकार पडलं. सिस्टरला वॉर्डात फोन बघायला फुरसत नव्हती. रविवारी दुपारी टेबल भरलं तेव्हा ती ड्यूटीवर होती, आणि मास्तरांना एक शंका आली होती.

"चाळीस हजार जखमी," ते म्हणाले. "कशानं?"

"युद्धानं," दीर म्हणाला.

"ते झालंच. पण कोणत्या शस्त्रानं? एवढी माणसं एका खोऱ्यात पाडायची तर जड बॉम्ब हवा. जड बॉम्ब उचलणारं विमान हवं. या अख्ख्या युद्धात तसं विमान आहे कुठे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे एकच आहे. याचं पोट बघा. मोठा बॉम्ब यातच मावेल. युद्धच याच्यावर उभं आहे."

चष्मेवाल्यानं भुवया उंचावल्या. "भारी आहे हो हे."

"पण सिस्टरचा दवाखाना?" दिरानं विचारलं.

"दवाखाना काय, कोणत्याही खोक्यातून होतो. हा संच पुन्हा मिळायचा नाही. आणि युद्ध त्यांचंच आहे ना? त्यांचंच युद्ध आपण पूर्ण करतोय. खूश होतील."

"फोन करू का वहिनींना?"

"कामात असतील. कशाला त्रास? सरप्राइज देऊ."

दिरानं खिशातून फोन काढला होता. तो त्यानं परत खिशात ठेवला. हे मी मुद्दाम सांगतो. मोठ्या गोष्टी अशाच घडतात असं कोणी म्हणेल. मला मोठ्या गोष्टींचं माहीत नाही. माझ्या बाबतीत मात्र सगळं त्या खिशात जाणाऱ्या फोनवर अडलं होतं.

टेबल वाजलं. भारी कारण मास्तरांचं, म्हणून पहिला काप मास्तरांचा.

करवत बारीक होती, हात कसलेला होता. दुखलं का, असं विचाराल. प्लॅस्टिकला दुखत नाही. पण पोटाखालून लांबट चौकोन निघून गेला आणि त्याबरोबर सिस्टरनं बसवलेली फरशी निघून गेली, तेव्हा आत वारा आला. खोली होती ती खोली राहिली नाही. खाटांच्या तारा मास्तरांनी मापपट्टीवर धरल्या आणि त्यांना फार आनंद झाला. बॉम्ब अडकवायला त्या अगदी मापाच्या होत्या. गादी काढून तारा उलट्या वाकवल्या, वर चिकटवल्या. चष्मेवाल्यानं चष्म्याच्या चारही बिजागऱ्या पोटाखालच्या दोन दारांना लावल्या. दारं बोटाच्या टोकानं उघडत, मिटत, जराही आवाज न करता. इतकं देखणं काम त्या टेबलावर आधी झालं नव्हतं. आईची खुर्ची कोणाच्या तरी कोपरानं खाली पडली आणि खालीच राहिली.

त्यांच्यात दुष्ट कोणी नव्हतं. सगळे हसत होते, एकमेकांना चहा ओतून देत होते. मला राग येतो तो याचाच.

संध्याकाळी सिस्टर आली ती युनिफॉर्मवरच. सोमवार सकाळपर्यंतची पाळी तिनं मागून घेतली होती, वकीलबाईसाठी. मध्ये अर्धा तास काढून आली होती.

"डोळे मिटा," चष्मेवाला म्हणाला.

तिनं हसत डोळे मिटले. मास्तरांनी मला तिच्या तळहातांवर ठेवलं.

"उघडा."

मास्तरांनी बोटाच्या टोकानं दारं उघडली, मिटली, उघडली. "बिजागऱ्या बघा. आवाज येतो का?"

"खाटा कुठे आहेत?" सिस्टर म्हणाली.

"त्याच तर या. वरच्या अडकवण्या. एकही तार वाया घालवली नाही."

तिनं मला उलटं केलं. पोटातून आरपार वर बघितलं. तिचा आवाज वॉर्डातल्यासारखाच खाली आला. तिचा तसा आवाज आला की वॉर्डबॉय पळतात, हे टेबलावरच्या कोणाला ठाऊक नव्हतं.

"का?" तिनं विचारलं.

मास्तरांना वाटलं, खेळच चालू आहे. "निळ्या देशाला जड बॉम्ब…"

"निळा देश नाहीये, मास्तर."

"म्हणजे आपल्या कथेत…"

"निळा देश नाहीये. पिवळा नाहीये. जखमी कोणी नाहीये. मुलगी आहे. तीन मजले चढून जा, डाव्या हाताला चौथी खाट. ती आहे."

"सिस्टर, तुम्हीच तर हे युद्ध मांडलंत."

"मीच मांडलं. मी खरं सांगितलं ते तुम्हाला पटलं नाही. चाळीस हजार माणसं पाडली तेव्हा पटलं. मी त्याच वेळी खोकं उचलून जायला हवं होतं. मला टाळी गोड लागली."

दीर म्हणाला, "वहिनी, मी फोन करणार होतो."

"भावजी, करणार होतात ना? मग घरी जाऊन आईंना सांगा, करणार होतो म्हणून. त्या शाबासकी देतील."

"आठवड्यात बुजवून देतो," मास्तर म्हणाले. "पत्रा लावून, पुट्टी भरून. खरंच सांगतो, कुठे कापलं होतं ते दिसणारही नाही."

"ती उद्या सकाळी जातेय," सिस्टर म्हणाली. मला पिशवीत टाकलं आणि निघाली.

इस्पितळाच्या लिफ्टमध्ये तिनं मला पिशवीत खोल ढकललं. दाखवायचं नाही, असं तिनं ठरवलं असावं. पण वॉर्डाच्या दारातच आवाज आला. "आणलं?"

ती खोटं बोलत नसे. तिनं आणलं होतं.

वकीलबाई उशीला टेकून बसली होती. डोळे पिवळे, हात काडीसारखे, नजर मात्र कोर्टातली. शेजारी तिची आई बॅग भरत होती. तिनं मला हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. मग तिचं बोट पोटाखालच्या दाराला लागलं आणि दार उघडलं.

"आई, हे उघडतं बघ!" तिनं मिटलं, परत उघडलं. हसली. मित्रांनो, एवढ्यावर ते थांबलं असतं तर मी मास्तरांनाही माफ केलं असतं.

"हे दार कशाला?"

"ज्यांनी कापलं त्यांनी ठरवलं, इथून बॉम्ब टाकायचे," सिस्टर म्हणाली.

"कोणावर?"

"कोणावरच नाही. नुसतं ठरवलं."

"मग माझी खाट कुठे?"

सिस्टरनं करंगळीचं टोक माझ्या पोटात धरलं, अधांतरी. "इथे."

वकीलबाईनं करंगळीकडे बघितलं. करंगळीखालच्या उघड्या दाराकडे बघितलं. हसू गेलं.

"म्हणजे दार उघडलं की मी खाली पडणार."

"नाही गं," आई म्हणाली. "किती विचारशील?"

"तुझ्या विमानाला असं दार नसेल," सिस्टर म्हणाली.

"तुम्ही पाहिलंय? माझं विमान?"

सिस्टरनं श्वास घेतला. दुसरं कोणी असतं तर हो म्हणालं असतं. "नाही."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

सिस्टरनं विमानवाल्यांना फोन लावला. रविवार संध्याकाळ, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. वकीलबाई तिच्याकडे बघत होती, मोठ्या माणसांचं काय चाललंय ते मुलं बघतात तशी. मग तिनं हात पुढे केला. "ती पट्टी द्या. सलाईनला लावता ती."

सिस्टरनं चिकटपट्टीचे दोन लांब तुकडे कापून दिले. वकीलबाईनं मला मांडीवर उलटं घेतलं, दारं मिटली आणि दोन्ही पट्ट्या आडव्या लावल्या, नखानं दाबून, कडा न सोडता. मग मला सिस्टरच्या हातात दिलं.

"हे इथेच ठेवा. मला नको."

सोमवारी सकाळी स्ट्रेचर गेलं तेव्हा मी औषधांच्या कपाटावर होतो. सिस्टर लिफ्टपर्यंत गेली आणि परत आली.

दुपारी तिकडच्या नर्सचा फोन आला. मुलगी नीट पोचली, तपासण्या सुरू झाल्या. "धीट आहे हो," ती नर्स म्हणाली, "रडली नाही. पण डोळा मिटला नाही तिनं. सगळा वेळ पट्टा घट्ट धरून खालच्या फरशीकडे बघत होती. पांघरूण जरा खाली लोंबलं की वर ओढायची. पायलटला म्हणे, याला खालून दार आहे का? तो बिचारा हसायलाच लागला."

सिस्टरनं फोन ठेवला. तो हसला, यात त्याचा काय दोष. पण टेबलावरच्या ज्या हसण्यातून मी आलो होतो ते मला पुन्हा ऐकू आलं.

आठवडा गेल्यावर दीर वॉर्डात आला. विमानवेड्यांचं प्रदर्शन होतं. मास्तरांनी निरोप पाठवला होता: विमान द्या, पट्ट्या काढू, डाग पुसू, तुमच्या नावानं मांडू.

"वहिनी, सगळ्यांना वाईट वाटलंय. गंमत होती हो ती."

"गंमतच होती. म्हणून तर कोणी थांबवली नाही," सिस्टर म्हणाली. "पट्ट्या राहतील. तिनं लावल्यात. काढायच्या तर तीच काढेल."

मग दिरानं खिशातून एक पुडी काढून तिच्यासमोर ठेवली. आत आईची खुर्ची होती, एक हात मोडलेली. चष्मेवाल्याच्या टेबलाखाली शोधून काढली होती त्यानं. सिस्टरनं ती ठेवून घेतली. चहा मात्र विचारला नाही.

त्यानंतर तिनं आतून जाड पत्रा चिकटवून माझं पोट कायमचं बंद केलं. नवीन खाटा केल्या. उजवी बाजू तिनं स्वतःच चिरली; जराशी वाकली आहे, पण उघडते. आता वॉर्डातून कोणी मूल विमानानं जायचं असलं की मी त्याच्या मांडीवर असतो. काम चांगलं चाललंय माझं. खालच्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात, कडांना धूळ बसलीय. वकीलबाई अजून तिकडेच आहे. बरी आहे म्हणतात. मला स्वतःला बघायची आहे.

मित्रांनो, तुमच्या हातात कधीतरी पातं येईल, करवत येईल, नुसती पेन्सिलही येईल. तुम्ही बेत आखाल, तो सुंदर असेल, चार जण टेबल वाजवतील. जरूर आखा. होड्या लावा, पंख उलटे करा, मला त्याचं काही वाटत नाही. पण कापायच्या आधी एक विचारा: यात कोण झोपणार आहे? त्याला फोन करा. तो कामात असेल तरी करा. त्रास होईल म्हणून थांबू नका. आणि फोन उचलला नाही, तर ते विमान तसंच खोक्यात ठेवा आणि घरी जा.